बंधाऱ्यातलं खिंडार

गवंड्यानं बंधाऱ्यावर पहिला घण घातला, तेव्हा त्याचा मेहुणा खालच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

"दाजी, घण खाली ठेवा. अजून वेळ गेलेली नाही."

"तू बाहेर हो. दगड लागेल."

दर वर्षी अंडी घालायच्या दिवसांत तळ्यातले मासे या ओढ्यानं वर निघायचे आणि बंधाऱ्यापाशी अडायचे. उड्या मारमारून त्यांची तोंडं फुटायची. मेहुण्याला जाळं टाकायचीही गरज पडत नसे, टोपलीनं उपसायचा. तळ्यातला मासा मात्र वर्षागणिक घटत चालला होता. म्हणून तळ्याच्या समितीनं गवंड्याला काम दिलं: बंधारा मधोमध फोडायचा, तिथं मोठ्या दगडांची पायऱ्या-पायऱ्यांची उतरण रचायची आणि वरच्या पात्रातला गाळ काढून स्वच्छ खडी पसरायची, म्हणजे अंडी खडीच्या फटींत सुखरूप राहतील. खडी धुवायचं काम बायकोकडे होतं. तिनं भावाला दोनदा समजावलं होतं.

"दोन-तीन वर्षं कळ काढ. तळं माशांनी भरून जाईल."

"आणि तोवर काय हवा खाऊ?"

मेहुण्यानं एकदा रचलेली उतरण उखडून टाकली. गवंड्यानं मुकाट्यानं पुन्हा रचली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मेहुणा कुऱ्हाड घेऊन आला.

गवंडी वाकून दगड बसवत होता. पावलं वाजली म्हणून त्यानं मान वळवली आणि तेवढ्यानंच वाचला. पातं डोक्यावर न बसता कान कापून गेलं. मानेवरून गरम रक्त ओघळलं. हाताशी आलेली पहार त्यानं आडवी फिरवली. मेहुण्याचं मनगट कडकन मोडलं, कुऱ्हाड पाण्यात पडली. तरीही तो मागे हटला नाही. डोक्यानं धडक देऊन त्यानं गवंड्याचं नाक फोडलं आणि दोघे एकमेकांना कवटाळून डोहात कोसळले.

डोहात मेहुणा त्याच्या अंगठ्याला हाडापर्यंत चावला. गवंड्यानं त्याची मान धरली, छातीवर गुडघा रोवला आणि त्याला पाण्याखाली दाबलं. बुडबुडे आले. पाय झाडले गेले. मग पाय झाडणं कमी झालं.

"अहो, सोडा त्याला!" बायको काठावरून ओरडत होती. "मरेल तो!"

त्यानं ऐकलं. पण सोडलं नाही.

ती फावडं घेऊन पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज तिलाही ऐकू आला. गवंड्याची पकड सुटली. तिनं भावाला केसांना धरून काठावर ओढलं, पालथा घातला आणि पाणी ओकेपर्यंत पाठीत बुक्क्या घातल्या. त्याचा श्वास सुरू झाल्यावर खाडकन दोन कानाखाली वाजवल्या.

"परत इथं दिसलास, तर मीच बुडवीन तुला."

मनगट वाकडंच जुळलं. तो गाव सोडून गेला; बहिणीला सांगूनही गेला नाही.

गवंड्याचा हात दीड महिना झोळीत होता. उरलेली उतरण बायकोनं बांधली. तो काठावर बसून सांगायचा, "तो दगड अजून तिरका," आणि ती पहारीनं तो हलवायची. यापलीकडे दोघं बोलत नव्हती. एक दिवस त्याला राहवलं नाही.

"फावड्याच्या दांड्यानं मारता आलं असतं."

तिनं दगड सोडला नाही. "तुम्ही माझं ऐकलं होतंत ना?"

त्याला खोटं बोलावंसं वाटलं. "ऐकलं होतं. पण सोडावंसं वाटलं नाही."

"मला दिसत होतं ते," ती म्हणाली. "म्हणूनच पात्यानं मारलं. जरा पहार धरा इकडे, चांगल्या हातानं."

तो पाण्यात उतरला. दोघांनी मिळून तो दगड बसवला.

पाणी वाढलं तसे मासे आले. जुन्या सवयीनं बंधाऱ्याच्या भिंतीवर धडका देत राहिले. मग एका जाड मादीला खिंडार सापडलं. पायरी-पायरीनं दम खात ती वर गेली आणि तिच्यामागून बाकीचे निघाले. आठवड्यानं बायकोनं वरच्या पात्रात हलकेच खडी उचकटली. फटीत पिवळसर अंडी चिकटली होती. तिनं खडी होती तशी परत लावली आणि तिथंच पाण्यात बसून, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं रडली.