सर्व रेघा हाताने

भोपाळच्या मे महिन्यात शाल पांघरून बसणारा माणूस अख्ख्या टाउनशिपमध्ये एकच होता, नीळकंठ देवपुजारी. कोणी विचारलंच तर "खांदा धरलाय" म्हणायचे. खांदा ठणठणीत होता. उजवा हात थरथरायचा आणि डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन हे नावही देऊन टाकलं होतं. पण एकतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात सरळ रेघा मारून पगार घेतलेल्या माणसाचं हे चारचौघांत कळणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. बायको वसुधा आणि मुलगी कांचन सोडून कोणालाही पत्ता नव्हता.

मेडिकल रजेत वेळ जावा म्हणून कांचनने तिचा जुना टॅबलेट आणून दिला. नीळकंठरावांनी त्यावर एक सरळ रेघ मारली. ती वाकडी आली. पुसली, परत मारली. चाळिसाव्या रेघेला वैतागून त्यांनी पुसणंच सोडलं. मग ॲपमध्ये एक सोय सापडली: हात जितका हलेल तितकी रेघ तांबडी, स्थिर असेल तर निळी. गोळीच्या आधीच्या रेघा लालभडक यायच्या, नंतरच्या निळसर. दर तासाला एक, एकीखाली एक, ऑफिसच्या शिस्तीत. महिन्याभराने ते चित्र बघत वसुधाताई गॅसवरची पोळी करपेपर्यंत उभ्या राहिल्या.

"हे काय आहे हो?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं, एवढं मात्र नक्की.

कांचन म्हणाली, शहरात डिजिटल चित्रांचं प्रदर्शन आहे, पाठवू या. "न तपासलेलं ड्रॉइंग बाहेर जात नाही," नीळकंठराव म्हणाले. मोठा प्रिंट काढताना त्यांनी कोपऱ्यात 'काढणारा' आणि 'तपासणारा' अशी चौकटही आखली होती. खाली सवयीने टीप लिहिली होती: सर्व रेघा हाताने.

वसुधाताईंनी न विचारता सदाशिवरावांना फोन केला. वीस वर्षं नीळकंठरावांचं प्रत्येक ड्रॉइंग त्यांनीच तपासलं होतं. रिटायर होऊन ते आनंद नगरला राहत होते. स्कूटरवरून आले, खिशात लाल पेन्सिल.

"खांदा कैसा है?"

"ठीक आहे, साहेब," नीळकंठरावांनी हात शालीत आणखी आत घेतला.

सदाशिवरावांनी भिंग काढलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. ते तपासणाऱ्याचं काम नव्हे. चहावर साय धरली. पाऊण तासाने त्यांनी एका रेघेभोवती लाल गोल केला.

"दोनशे चौदावी. एकदम सरळ. टीप काय म्हणते?"

ती रेघ मारायच्या दिवशी नीळकंठरावांना शर्टाचं बटण लावता आलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ॲपकडून ती एक रेघ सरळ करून घेतली होती.

"मीच काढली, साहेब."

"ही तुझी नाही. बाकीच्या सगळ्या तुझ्या आहेत. टीप बदल, नाहीतर रेघ बदल."

टीप बदलणं मिनिटाचं काम होतं. नीळकंठरावांना लाज वाटत होती आणि खोटं बोलायचा कंटाळाही आला होता. शेवटी त्यांनी हात बाहेर काढला आणि टॅबलेट पुढे ओढला. गोळीची वेळ उलटली होती. टेबलावरची कपबशी वाजायला लागली. सदाशिवराव हाताकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपबशी उचलून खाली ठेवली.

नव्या रेघेच्या निम्म्यात नीळकंठराव थांबले. "फारच लाल येतेय."

"पूर्ण कर," सदाशिवराव खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "अर्धवट रेघ मी पास करत नाही."