शिंप्याच्या लेकीचा कान

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. ऐकणे हेच माझे आयुष्यभराचे काम, त्यामुळे बोलायची मला फारशी सवय नाही. तरीही, मित्रांनो, आज तुमच्यापाशी थोडे मन मोकळे करते.

माझा जन्म एका सरकारी कारखान्यात झाला. त्या काळी आमच्या देशाने ठरवले होते, की रोज लागणारी यंत्रे आपली आपणच बनवायची. कारखाना कसला, पत्र्याच्या छपराखालची एक लांबट खोली आणि बारा टेबले. तिथल्या प्रमुख एक इंजिनिअरबाई होत्या. चष्मा कपाळावर चढवायच्या आणि तोच खोलीभर शोधत फिरायच्या. मला घडवताना त्यांनी दोन हट्ट धरले. मी कोणत्याही वाण्याकडे मिळणाऱ्या साध्या सेलवर चालले पाहिजे, आणि घरातल्या स्क्रूड्रायव्हरने मला उघडता आले पाहिजे.

दिसायला मी काही देखणे नव्हते. काड्यापेटीहून जरा मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचे बटणाएवढे बोंड.

मी आले एका शिंप्याच्या चार वर्षांच्या लेकीकडे. घरात तिला चिंगी म्हणत. जन्मापासून तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. शिंप्याने बोंड तिच्या कानात बसवले, डबी गळ्यात अडकवली आणि काय करावे ते न सुचून तो शिलाई मशीन चालवत बसला. चिंगी दचकली. मग मशीनखाली वाकून, आत कोण बोलतेय ते शोधू लागली. शिंप्याने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

त्यानंतर चिंगीच्या प्रत्येक झग्याला छातीवर एक खिसा असे, माझ्यासाठी. वर्षभरात ती बोलू लागली आणि दुसरीत गेल्यावर तर तिला गप्प बसवणे शाळेतल्या बाईंना जड जाऊ लागले. मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे.

माझ्यात दोषही होते, ते लपवत नाही. वारा सुटला की माझ्यात नुसता घोंघाट व्हायचा. मुले चिंगीला 'रेडिओ' म्हणून चिडवायची आणि ती मला तळहाताखाली झाकायची. इंजिनिअरबाईंना हे सगळे ठाऊक होते. कानामागे बसेल असा लहान नमुना त्यांनी अर्धा तयार केला होता. पुढच्या कामाची परवानगी मागणारा कागद मात्र तीन वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

चिंगी नऊ वर्षांची असताना आम्ही नेहमीप्रमाणे वार्षिक तपासणीला कारखान्यात गेलो. निम्मी टेबले रिकामी होती. राजधानीहून आलेले एक अधिकारी यादीवर खुणा करत होते. मला उघडून बसलेल्या इंजिनिअरबाईंचे हात चालू होते, पण लक्ष तिकडे होते. देशाचे धोरण बदलले होते. आता परदेशातून आधुनिक यंत्रे आणून मुलांना मोफत वाटायची आणि कारखाना बंद करायचा, असे ठरले होते.

"आठ महिने द्या. नवा नमुना हातात ठेवते," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचं काही चुकलेलं नाही," अधिकारी खाली मान घालून म्हणाले. "पण मुलांना आज चांगलं यंत्र मिळतंय, तर त्यांना थांबवू कसं?"

त्यांचेही खोटे नव्हते. बाहेरचे आणावे आणि आपलेही चालू ठेवावे, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

निघताना बाईंनी शिंप्यापुढे एक खोका सरकवला. चार वायरी, दोन बोंडे, काही सुटे भाग. उद्या सगळे भंगारात जाणार होते.

"ठेवा जवळ. लागेल कधीतरी."

शिंपी हसला. "आता नवं मिळणारच आहे की. उगाच घरात अडगळ कशाला?"

बाईंनी खोका परत ओढून घेतला.

नवे यंत्र आले, ते शेंगदाण्याएवढे होते. खरे सांगायचे तर ते माझ्याहून सरस होते. चिंगीला कुजबुजसुद्धा ऐकू येऊ लागली आणि कोणी चिडवेनासे झाले. मी मशीनच्या खणात, तुटक्या बटणांच्या सोबतीला गेले. मला वाईट वाटले, पण तिच्यासाठी बरेही वाटले.

दीड वर्षाने ते यंत्र अचानक मुके झाले. रुग्णालयातल्या तंत्रज्ञाने सांगितले, की हे उघडता येत नाही, परदेशी पाठवावे लागेल, आणि पुरवठादाराचा करार तर संपला आहे. नवी निविदा निघेल तेव्हा निघेल.

शिंप्याने मला खणातून काढले. सेल घातला. पण माझी वायर आतून तुटली होती आणि बोंडही निकामी होत आले होते. त्याने वायर जोडून वर दोरा गुंडाळला. मी धडपडले, मित्रांनो, पण एक शब्द पोचे आणि पुढचे दोन हरवत. शुद्धलेखनाच्या वहीत चिंगीची अर्धी वाक्ये येऊ लागली. ती मागच्या बाकावर बसू लागली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येईना, तसा तोही बारीक होत गेला. एक दिवस तिने मला काढून मशीनवर ठेवले आणि वडिलांच्या शेजारी काजे करायला बसली. शाळेत जा म्हणून शिंप्याने खूप विनवले. तिने मान हलवली आणि सुई ओवली.

शिंपी पत्ता काढत इंजिनिअरबाईंच्या घरी गेला. त्या आता निवृत्त होत्या. त्यांनी हाताने नवी वायर बनवली. बोंडाची तार मात्र जळाली होती आणि तसे बोंड आता कोणीच बनवत नव्हते. भंगारवाल्यांच्या चार दुकानांतून त्या रिकाम्या हाताने परतल्या.

"बाई, त्या दिवशी मी खोका घेतला असता तर..." शिंपी म्हणाला.

"माझंही चुकलंच," बाई म्हणाल्या. "या यंत्राचे मी काढलेले नकाशे रद्दीत चालले होते. मी रागाने जाऊ दिले."

सव्वादोन वर्षांनी निविदा निघाली आणि चिंगीला पुन्हा यंत्र मिळाले. पण तिच्याएवढी मुले तोवर दोन इयत्ता पुढे गेली होती. ती लहान मुलांच्या वर्गात बसली, नीट शिकलीही. बोलताना मात्र ती अजून आधी समोरच्याचा चेहरा पाहते, आपला आवाज पोचतोय ना म्हणून.

यालाही बरीच वर्षे झाली. गेल्या महिन्यात तीन तरुण इंजिनिअर शिंप्याच्या दुकानात आले. देशाने श्रवणयंत्रे पुन्हा आपली आपण बनवायचे ठरवले आहे. जुना एकही नकाशा सापडला नाही, म्हणून ते मला शोधत आले. चिंगीने, आता ती दुकान सांभाळते, मला त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मला हळुवार उघडले, मोजले, फोटो काढले आणि पुन्हा मिटले. टेबलावर एक बारीक स्क्रू उरला.

"हा कुठला?" एकाने विचारले.

तिघांनी मला उलटसुलट पाहिले. सांगणार कोण? इंजिनिअरबाई आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, देशाचे निर्णय घ्याल. चांगले असेल ते जगातून जरूर आणा. पण ज्यांना स्वतः काही घडवता येते, त्या माणसांना घरी बसवू नका. त्यांचे काम लिहून ठेवा, आणि ती हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन शिका.

तो स्क्रू चिंगीने सुयांच्या डबीत ठेवला आहे.