जळणार नाही अशी चूक

"जेवलास का?" विचारलं की टिल्लू "हो" म्हणतो. "बरा आहेस ना?" "हो." "काम कसं चाललंय?" "चालू आहे." मग तो विचारतो, "बोल आत्या, काही काम होतं का?" आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. काम असल्याशिवाय मी फोन करायचा नाही की काय?

टिल्लू माझ्या भावाचा मुलगा. आता सहा फूट उंच आहे, पण नाव तेच राहिलं. भाऊ आणि वहिनी दोघंही जहाजावर नोकरीला, त्यामुळे शाळेची सगळी वर्षं तो माझ्याकडेच वाढला. मी लग्न केलं नाही आणि तो घरात होता तोवर ते कधी आठवलंही नाही. आता तो लांबच्या देशात असतो. मी रक्त तपासायच्या लॅबमधून घरी येते आणि चहा पिताना स्वतःशीच भांडते, कारण भांडायला दुसरं कुणी नाही.

एकदा बोलण्याच्या ओघात तो म्हणाला की त्यानं आपला कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केलाय. म्हणजे कारखान्यानं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. मी सहज "म्हणजे कसं रे?" म्हटलं आणि पोराला वाचा फुटली. गॅसवरचा भात करपला तरी मी फोन ठेवला नाही.

पुढच्याच फोनवर मी जाहीर केलं, मलाही असाच कॉम्प्युटर हवाय. गेम खेळायला.

"तू? पत्त्यात हरलीस की पानं भिरकावतेस तू!"

"म्हणूनच. हा जड असतो, भिरकावता येणार नाही."

तो किती दिवसांनी हसला! लॅबमधल्या बायका म्हणाल्या, म्हातारचळ लागलाय. लागू दे.

"आधी मदरबोर्ड निवड," टिल्लूनं सांगितलं. "बाकी सगळं त्याच्यावर बसतं. बोर्ड चुकला की सगळंच चुकलं." काही बोर्डांवर वेग वाढवताच येत नाही, मग त्यात कितीही भारी प्रोसेसर घाला. काहींवर येतो, पण प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग इतके लेचेपेचे असतात की तासाभरात तापतात. हे सगळं त्यानं मला चित्रं पाठवून शिकवलं. मी मन लावून शिकले. मला आकडे आवडतात, लॅबमध्ये माझा दशांश चिन्हाचा ठिपकासुद्धा कधी चुकलेला नाही.

त्यानं सुचवलेला पहिलाच बोर्ड उत्तम होता. मला तेव्हाच कळलं होतं. पण तो घेतला असता तर पुढच्या रविवारी काय बोलायचं होतं? म्हणून मी म्हटलं, यावर पंख्याच्या जोडण्या कमी आहेत. दुसऱ्याचा उष्णता शोषणारा पत्रा मला पातळ वाटला. तिसरा कॉम्प्युटरच्या पेटीत मावेल का, अशी शंका काढली. चौथ्याचा रंग आवडला नाही.

"रंग? पेटीत बंद असतो तो, आत्या."

"मला माहीत असेल ना आत काय आहे ते."

असे दोन महिने गेले. फार सुखाचे गेले, खरं सांगते.

मग एका रविवारी तो खुशीत म्हणाला, "तुझी कटकट संपवली. बोर्ड मीच मागवला, बाकीचं सामानही. दुकानातला माणूस घरी येऊन जोडून देईल, वेगही वाढवून देईल. तुला डोकं लावायलाच नको."

किती प्रेमानं केलं त्यानं हे. मला रडू आलं, त्याला वाटलं आनंदानं.

माणूस आला, मुकाट्यानं सगळं जोडून गेला. मशीन अगदी सुरळीत चालू झालं. मी टिल्लूला कळवलं, "चालू झाला." त्यानं अंगठा पाठवला. नुसता अंगठा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, "बोल आत्या, काही काम होतं का?"

त्यानंतरच्या रविवारी, जेवण झाल्यावर, मी सेटिंगमध्ये शिरले आणि दोन आकडे बदलले. पडदा काळा झाला. मी फोन लावला.

"बंद पडलाय रे."

तो ताडकन सावध झाला. बोर्डाच्या मागे एक बटण असतं, ते दाबलं की सगळं मूळपदावर येतं. मी म्हटलं, बटण सापडत नाही. मग त्यानं पेटी उघडायला लावली, घड्याळात असतो तसला गोल सेल काढायला लावला, थांबायला लावलं, परत बसवायला लावला. प्रत्येक पायरीला "जपून हं" म्हणत होता. मीही त्याला सायकल शिकवताना असंच म्हणायचे.

पडदा उजळला. "झालं," मी म्हटलं.

"बदललं काय होतंस?"

आकड्यांबाबत मला खोटं बोलता येत नाही. "वेग वाढवला. व्होल्टेज कमी केलं."

 तो हळूच म्हणाला, "व्होल्टेज वाढवलं असतंस तर प्रोसेसर जळाला असता. तू कमी केलंस. नुसता बंद पडेल, जळणार नाही अशी चूक शोधून काढलीस. आत्या, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?"

"बरं, नाही लपवत. तुझ्याशी बोलायचं होतं."

"मग तसं सांगायचं ना!"

"दर रविवारी फोन करते. तू विचारतोस, काम काय आहे."

 त्याच्याकडे कुठंतरी दार वाजलं. मला वाटलं, आता ठेवणार. त्यानं ठेवला नाही.

"बोल मग," तो म्हणाला. "आज मला काही घाई नाही."

मी तोंड उघडलं. काय बोलू? त्याच्या मित्रांची नावं मला माहीत नव्हती. तो काय खातो, कुणाबरोबर हसतो, काहीच माहीत नव्हतं, आणि विचारलं तर "हो" येणार. तोही काहीतरी शोधत होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बिचारा मनापासून शोधत होता. फोन चालू होता, वेळ होता, आणि आम्हा दोघांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी मीच विचारलं, "टिल्लू, ती मेमरी असते ना, तिचाही वेग वाढवता येतो म्हणे?"

"येतो की!" तो सुटल्यासारखा बोलू लागला. मला त्यातलं एक अक्षरही ऐकायचं नव्हतं. मी खुर्ची ओढून घेतली आणि म्हटलं, "सावकाश सांग, मी लिहून घेते."