दगडातलं पावणं

मी एक जुनं पहाडी रोप आहे. उंची म्हणाल तर बोटभर, पण वयानं तुमच्यापैकी पुष्कळांहून थोरला बरं का!

मित्रांनो, माझा जन्म हिमालयात, खडकाच्या फटीत झाला. त्र्याहत्तर साली शिवपुत्र नावाच्या जवानानं मला डालड्याच्या डब्यात लावलं आणि सुटीत कोल्हापूरला आणलं. "अव्वा, हे माझ्या चौकीजवळचं हाय. सांभाळ," असं आईला सांगून गडी परत पलटणीत गेला.

झालं! त्याच्या आईनं, शांतव्वांनी, मनाशी गाठच बांधली. हे रोप हिरवं, तोवर लेक खुशाल.

"पावणं लांबनं आलंय, उपाशी कसं ठिवू?" असं म्हणत त्या सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओतायच्या, वर शेणखत. कोल्हापूरचा पाहुणचार तो, नको म्हणायची सोय नाही. आणि मला तर तोंडच नव्हतं! माझी मुळं कुजू लागली. मी पिवळा पडलो की शांतव्वा घाबरायच्या, आणि घाबरल्या की आणखी पाणी घालायच्या.

शेवटी माझी एकच फांदी उरली. शांतव्वा डब्याशी बसून रडल्या. इतकी माया करणारं माणूस आपल्यापायी रडतंय, याचं मला फार वाईट वाटलं.

डोळे पुसताना त्यांची नजर परसातल्या गडग्याकडे, नुसते दगड रचलेल्या कुंपणाकडे गेली. माझी तुटून पडलेली एक डहाळी तिथं दगडांच्या फटीत रुजून टुणटुणीत झाली होती. तिला कुणी थेंबभर पाणी पाजलं नव्हतं.

"आगं बया! ह्याला दगडच पायजेत की! मीच मारत हुते व्हय तुला?"

त्याच दिवशी त्यांनी ओसरीशेजारी सावलीला दगड आणि खडी रचून मला फटीत बसवलं. पावसाळ्यात डोक्यावर पत्रा आला. पाणी मिळे, पण आधी बोटानं माती चाचपून. हिवाळ्यात मला गुलाबी फुलं आली, तेव्हा शांतव्वा सगळ्या गल्लीला बोलवून आल्या.

शिवपुत्र सुटीवर आला. "अव्वा, जगवलंस की!" म्हणाला आणि ओसरीवर जेवायला बसला. शांतव्वांनी तिसरी पुरणपोळी उचलली, पण हात ताटावरच थांबला.

"घालू का रं? का बास?"

शिवपुत्र बघतच राहिला. आईनं जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं!

"बास, अव्वा." शांतव्वांनी पोळी निमूट खाली ठेवली.

मित्रांनो, झाडावर, माणसावर भरभरून माया करा. पण ओतण्याआधी एकदा विचारा. विचारल्यानं माया कमी होत नाही. माझ्यासमोरच घडलंय ते: घटकाभरानं शिवपुत्रानं स्वतःच ताट पुढं केलं आणि म्हणाला, "अव्वा, अर्धी दे की."