चौथा थर

वाळूच्या कामात दोन प्रकारची माणसं असतात, कोरणारी आणि कुटणारी. कोरणाऱ्यांचे फोटो छापून येतात आणि कुटणाऱ्यांची पाठ दुखते. धाकटीने अठरा वर्षं कुटलं होतं, आणि ताईने, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने, अठरा वर्षं कोरलं होतं. किनाऱ्यावरच्या वाळूशिल्पांच्या महोत्सवात दोघींनी मिळून सात वेळा पहिला नंबर काढला. गेल्या वर्षीच्या प्रशस्तिपत्रावर ताईचं नाव होतं, चांगलं ठसठशीत, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘व दोन मदतनीस’. त्यातली एक धाकटी. दुसरा हातगाडी ओढायला चार दिवसांसाठी आणलेला माणूस.

“अगं, सगळ्यांना माहीतच आहे की,” ताई म्हणाली होती.

“कोणाला?” धाकटीने विचारलं.

त्यावर ताई नुसती हसली. त्या हसण्याच्या मिरच्या धाकटीच्या नाकाला वर्षभर झोंबत राहिल्या. यंदा तिने स्वतःच्या नावाने अर्ज भरला. जोडीला नवऱ्याला घेतलं. तो शिंपी. दुकानाला चार दिवस कुलूप लावून, गळ्यातली टेप तशीच ठेवून आला. आणि व्यवस्थापकांना थट्टा सुचली असावी, कारण दोघी बहिणींना जागा मिळाल्या त्या अगदी शेजारशेजारी, मध्ये फक्त एक दोरी. दुसऱ्याच्या दोरीच्या आत पाऊल टाकलं की स्पर्धेतून बाद, असा नियम होता.

गुरुवार कुटण्याचा. बिनबुडाची लाकडी खोकी एकावर एक चढवायची, प्रत्येकात वाळू आणि पाणी ओतायचं आणि लांब दांड्याच्या जड धुम्मसाने कुटायचं. एक खोकं म्हणजे एक थर. मग वरून एकेक खोकं काढत, कोरत कोरत खाली यायचं. एकदा वरची साल निघाली की कुठला थर कुठे संपला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कुटताना मात्र आवाज बदलत जातो. आधी भसभस, मग धपधप, आणि वाळू पुरती बसली की धुम्मस फरशीवर आपटल्यासारखा ठणकतो. ठणका ऐकल्याशिवाय थांबायचं नाही, हे धाकटीला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या खांद्यांनी आणि कानांनी ते आपापसांत ठरवून टाकलं होतं.

ताईने दोन पुरुष उंचीचा, सहा थरांचा मनोरा मांडला होता. कुटायला व्यायामशाळेतले दोन दांडगे गडी आणले होते. ते बिचारे प्रामाणिकपणे मोजून कुटत. एका थराला पन्नास ठोके, एक कमी नाही की एक जास्त नाही. खालचे तीन थर ठणकले. चौथ्याच्या वेळी जेवणाची वेळ टळून गेली होती, पाण्याची पिंपं तळाला गेली होती. पन्नास मोजून झाले आणि पन्नासावाही धपकन् पडला.

धाकटीचा हात हवेतच थांबला. तिने ताईकडे पाहिलं. ताई छत्रीखाली बसून कागदावर जिन्याच्या पायऱ्या काढत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. अठरा वर्षांत तिने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही,” धाकटी म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली.

खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. आता कळू दे, कुटणं म्हणजे काय असतं ते. पण हा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. ताई एवढी मोठी कारागीर, कोरायला लागली की हाताला कोरडं लागेलच, मग पाडून पुन्हा बांधेल, असं तिने स्वतःला समजावलं. समजावलं, पण पटलं नाही.

शुक्रवारी दुपारी ताई चौथ्या थरापर्यंत आली. वाळू जरा भुरभुरली. ताईने पातळ गोंदाचं पाणी फवारलं, वरची साल घट्ट झाली, आणि ताई पुढे गेली. थराचं पोट आत कोरडं ते कोरडंच. धाकटीने सगळं पाहिलं आणि मूग गिळून बसली.

तिचं स्वतःचं काम काही फार बरं चाललं नव्हतं. अंग दुमडून झोपलेलं भलंमोठं कुत्रं करायचं ठरलं होतं. नवरा टेपने दोन्ही कान मोजून म्हणाला, “मापात एकदम बरोबर आहे. पण लांबून बटाटा वाटतो.”

तेवढ्यात ताई दोरीपाशी आली. तिने आपली बारीक सुरी पुढे केली. तिची लाडकी सुरी ती, मूठ घासून घासून अंगठ्याच्या आकाराची झालेली. तिला ताईने आजवर कुणालाही हात लावू दिला नव्हता.

“कानाची कड हिने काढ. करणी नको वापरू, जाड येतं,” ताई म्हणाली. “अगं, छान झालंय. घाबरतेस काय?”

ताई, तुझा चौथा थर... शब्द धाकटीच्या अगदी ओठांवर आले होते.

“कुटणारीला एवढं जमलं म्हणजे पुष्कळ झालं,” ताई कौतुकाने म्हणाली, खरंच कौतुकाने, आणि वळली. ओठांवरचे शब्द धाकटीने गिळले आणि सुरी खिशात टाकली. त्या सुरीने तिने काही कोरलं नाही.

शनिवार तसाच गेला. मनोरा उभाच होता. त्याच्याभोवती नागमोडी जिना, जिन्याला कठडे, खिडक्यांना गज. लोक तोंडात बोट घालून बघत होते. धाकटीला वाटायला लागलं, कदाचित टिकेल. कदाचित आपले कानच चुकले असतील. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपले कान चुकलेले असू देत.

रविवारी संध्याकाळी परीक्षण होतं. वेळ संपायला दोन तास उरले असताना ताईने मनोऱ्याच्या बुडाशी आरपार दरवाजा पोखरायला घेतला. ती पालथी पडली आणि खांद्यापर्यंत आत गेली. मग कमरेपर्यंत. बाहेर दिसत होते फक्त पाय.

धाकटी कुत्र्याच्या पाठीवर पाणी मारत होती. मान वर केली तर मनोऱ्याच्या मधोमध एका खिडकीतून वाळूची बारीक धार लागलेली. कोणाचंच लक्ष नव्हतं. फवारा हातातून कुठे पडला ते तिला कळलं नाही. दोरी कधी ओलांडली तेही कळलं नाही.

“ताई, बाहेर ये! चौथा थर सुटलाय!”

ताईचे दोन्ही घोटे धरून तिने सगळ्या अंगाचा जोर लावला. अठरा वर्षं कुटलेलं अंग ते. ताई फरफटत बाहेर आली, दोघी एकमेकींवर कोसळल्या, आणि मनोरा कमरेत मोडून बरोबर दरवाजावर बसला. त्या ढिगाखाली माणूस शोधायला फावडी पुरली नसती.

मग एकच गलका झाला. कोणी पाणी आणलं, कोणी टॉवेल. व्यवस्थापक धावत आले आणि दोरीचा नियम आज कोण विचारतो, असं घसा फोडून सांगू लागले. त्या दांडग्या गड्यांतला एक मटकन् खाली बसून रडायला लागला. ताईने धाकटीला कमरेभोवती घट्ट धरलं होतं. तिच्या तोंडात, केसांत, पापण्यांत वाळू होती, आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देत होती.

“तू नसतीस तर...” एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

धाकटी तिची पाठ थोपटत राहिली.

हळूहळू हुंदके थांबले. ताई ढिगाकडे बघत होती. कारागिराची नजर ती, मोडलेल्या कामावरूनही फिरल्याशिवाय राहत नाही.

“चौथा कशावरून?” तिने विचारलं.

“काय?”

“तू चौथा थर म्हणालीस. मी केलाय मनोरा, आणि मला सांगता येणार नाही कुठला थर ते. तुला कसं कळलं?”

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. बहिणीचा जीव वाचवणारी म्हणून व्यवस्थापकांनी सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं धाकटीचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, आडनावासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडून नवरा हात वर करून बोलवत होता. टेप अजून त्याच्या गळ्यात होती.

“आवाजावरून,” धाकटी म्हणाली.

“आवाज तर कुटताना येतो.”

“हो.”

“म्हणजे गुरुवारी.”

धाकटीने मान हलवली. ताईने तिच्या कमरेभोवतीचा हात काढून घेतला. झटकला नाही, सावकाश काढला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“शुक्रवारी मी तुला माझी सुरी दिली,” ती म्हणाली.

लाउडस्पीकरवर धाकटीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. तिने खिशातून सुरी काढली, मुठीची बाजू पुढे करून ताईसमोर धरली, आणि ताई ती घेईल म्हणून किती तरी वेळ तशीच धरून बसली.