सड्याकडे तोंड केलेले हेटकरी

माझं सैन्य अंगठ्याच्या पेराएवढं आहे. चोवीस हेटकरी, सगळे धातूचे, प्रत्येकाच्या हातात बंदूक. आणि मी ते इतके भारी रंगवलेत की कुणाला दाखवताना आता मला लाजबिज काही वाटत नाही. बंदुकीच्या पेटत्या वातीला नारिंगी ठिपका आहे ना, तो मी श्वास रोखून दिलाय.

हेटकरी म्हणजे आमच्याच कोकणातले जुने बंदूकवाले. कौस्तुभदादाच्या कुडाळच्या घरी दर रविवारी आम्ही जुन्या लढाया टेबलावर खेळतो. थर्माकोलचे डोंगर, मोजपट्टी, फासे. मला सोडलं तर सगळे मुलगे. दादाचा एक नियम कडक आहे: अर्धवट रंगवलेलं सैन्य टेबलावर चढत नाही. पायाखालच्या चकतीवरसुद्धा गोंदाने माती चिकटवायची, जमीन दिसली पाहिजे. डिसेंबरात पुण्याला स्पर्धा आहे. तिघं जाणार, दोघं ठरलेत. तिसरी जागा माझी की समर्थची, ते या रविवारच्या डावावर ठरणार होतं.

माती मी सड्याच्या, म्हणजे वाडीमागच्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याची आणली. आमचं भातशेत संपतं आणि सड्याचा कातळ सुरू होतो, तिथे देवचाराची, आमच्या वाडीच्या राखणदाराची, जागा आहे. एक झाड, एक दगड. तिथली माती अशी बारीक आणि लालभडक की विकतची तिच्यापुढे फिकी. तीन आठवड्यांपूर्वी मूठभर घेतली, चाळली, चिकटवली. राखणदाराच्या जागेवरचं काही उचलताना विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी शाळेतून आले, तर कपाटातले सगळे हेटकरी माझ्याकडे पाठ करून उभे. तोंडं खिडकीकडे. खिडकीतून सडा दिसतो.

"आई! माझ्या सैनिकांका हात लावलंस?"

"माका काय उद्योग नाय? तुझ्या त्या बावल्यांका मी कित्याक हात लावू?"

मी सगळे सरळ केले आणि कपाटाला कुलूप घातलं. बुधवारी परत खिडकीकडे. गुरुवारी सगळे सरळ करून मी समोरच गणितं करत बसले. एकदाही काही हललं नाही. फक्त पेन्सिलीला टोक काढायला मान खाली घातली, तेव्हा काचेमागे टिचकी वाजल्यासारखं झालं. वर बघितलं. पाठी.

धीर करून एकाला उचललं आणि भिंगाखाली धरलं. त्याच्या पायातल्या वहाणा मी तपकिरी रंगवल्या होत्या, वर पिवळा पट्टा. रंग गेला होता. खालचा धातू घासून चकाकत होता. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याच्या घोट्याशी एक ओलं कुसळ चिकटलं होतं. कुलूपबंद कपाटात!

आईला दाखवलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने चकतीवर बोट फिरवलं.

"ही माती खंयसून आणलंस गो?"

मी सांगितलं. आई खाली बसली.

"आमी देवचाराक दरवर्षी वहाणो ठेवतो, तुका म्हायत आसा. रात्री तो आपली हद्द फिरता. आठ दिसांतच त्यो झिजूक लागतत. आवंदाच्यो ठेवून पंधरा दिस झाले, बघूक गेलंय तर तश्योच. कोऱ्यो. माका वाटला, आमचा कायतरी चुकला, म्हणान तो फिरना नाय." तिने त्या हेटकऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता समाजला, कोण फिरता ता."

मी घाबरले होते. पण खरं सांगू? त्याच वेळी डोक्यात पुणं पण होतं.

"आजच्या आज नेऊन ठेव थंय," आई म्हणाली.

"आई, रविवार होऊंदे. फक्त रविवार. दुसरा सैन्य नाय माझ्याकडे."

"तुका ते आपले वाटतत अजून?"

रविवारी सकाळी हेटकरी डब्यात घातले, कापसाने दाबून बसवले आणि कुडाळची एसटी पकडली. सगळा रस्ता डबा मांडीवर होता आणि गरम लागत होता. एसटीत ऊन येत होतं, म्हणून असेल.

समर्थ दारातच. "इलं झाशीची राणी! काय गो, एवढ्या मिश्यो रंगवलंस, एक माझ्यासारखी काढूची होती."

"काढली असती. पण तुझी भिंगातसुद्धा दिसना नाय."

कौस्तुभदादा खो खो हसला. मग डाव सुरू झाला, आणि काय डाव झाला! मी फासा टाकावा आणि सहा पडावा. समर्थचं घोडदळ तीनदा अंगावर आलं, तीनदा माघारी गेलं. माझे हेटकरी जागचे हलले नाहीत. टेकडी माझ्या हातात आल्यातच जमा होती.

"समीक्षा," दादा हळूच म्हणाला, "तोंडं कधी फिरवलंस?"

चोवीसच्या चोवीस हेटकऱ्यांनी समर्थच्या घोड्यांकडे पाठ केली होती. तोंडं दादाच्या बंद दाराकडे, म्हणजे आमच्या वाडीच्या दिशेला. समर्थने खुर्ची मागे सरकवली. कुणी थट्टा केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"गवे इले गो. भातात. दिवसाढवळ्या! सगळी डबे वाजवतत, पण ते हलाक तयार नाय." मागून खरंच डब्यांचा आवाज येत होता. कापणी दोन दिवसांवर आली होती.

मी डबा उघडला.

"अर्ध्यात उठलंस तर जागा समर्थाची," दादा म्हणाला. तो वाईट नाही, नियम नियम असतो. "एक फेरी रवली. जिंकलंसच तू."

"म्हायत आसा," मी म्हटलं आणि हेटकरी उचलायला लागले. एकही पाडला नाही. समर्थ मदत करायला पुढे आला, आणि हात लावायच्या आधी मागे झाला.

एसटीतून उतरून बांधावरून धावतच गेले. गवे होते. काळे, घराएवढे, पिकल्या भातात गुडघाभर उभे. माणसं बांधाच्या अलीकडे दाटीने उभी होती. मी झाडाखाली बसले. देवचाराला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याला साकडं घालायचं, ते पुरुषमाणसांनी, आणि मला तर ते येतही नाही. मी आपलं माझ्या भाषेत बोलले: "मी विचारल्याशिवाय माती नेली. परत आणलीय. हे पण ठेव. मी रंगवलेत, पण तुझे आहेत."

एकेक हेटकरी दगडाभोवती मातीत रोवला, तोंड बाहेर करून. शेवटचा हातातून सुटेना. त्याचा ठिपका सगळ्यांत चांगला जमला होता. रडत रडतच रोवला.

डबे वाजायचे थांबले. मी मान वर केली. गवे सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या गुडघ्यांच्या उंचीला, जमिनीलगत. पुढचा फुरफुरला आणि एक पाऊल मागे गेला. मग सगळेच वळले, आणि भात मोडत मोडत रानात शिरले.

मला अजून थोडा वेळ तिथे बसायचं होतं. आईने माझा दंड धरला, घट्ट.

"चल," ती म्हणाली. "तेंका तेंचा काम करूंदे."