आज हर्षाली बसेल

पांढऱ्या चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं, फिजिओच्या नखाखालून ते पुन्हापुन्हा निसटत होतं, आणि मनीषा त्या रिळाकडेच बघत राहिली — नजर जराशी खाली गेली असती तर हर्षालीचा सुजलेला गुडघा दिसला असता.

"खेळली तर निभावेलही," फिजिओ म्हणाली, "किंवा खेळताना लिगामेंट तुटेलही. खात्री कोण देणार?"

"टीम तुमची आहे, मॅडम," प्रशिक्षक सोमनाथ सर म्हणाले. "तुम्ही सांगा."

टीम तुमची... पिंपळगावच्या तिच्या पॅकहाऊसमध्येही दिवसभर असंच विचारतात, मॅडम, हा द्राक्षाचा घड ठेवायचा की काढायचा, आणि ती न थांबता सांगते. महिला कबड्डी लीगमधला नाशिकचा संघ विकत घेतला तेव्हा वाटलं होतं, सांगायला तर आपल्याला येतंच — पण घड काही मान वर करून बघत नाही.

"ताई, आज रेल्वेच्या नोकरीचे निवडवाले आलेत," हर्षाली म्हणाली. "आज नाय खेळले तर परत कोण बघणारे मला? गावी विंचूरला जाऊन कांदेच निवडू का मंग?"

मनीषाने तोंड उघडलं आणि आतून आईचा आवाज वर आला — पाय मोडला तर जन्मभर कोण करंल तुझं? — दहावीतली ती, मैदानाच्या कडेला, चपला हातात. त्यानंतर कधीच खेळली नाही. आणि आता तेच वाक्य माझ्या तोंडी... नाही, माझं वेगळं आहे, मी फिजिओला विचारलंय, मी... की उद्या लोक म्हणतील, मालकिणीने जखमी पोरगी खेळवली, त्याचीच ही भीती?

"आज बस तू."

हर्षालीने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं.

तिच्या जागी योगिनी उतरली आणि पहिल्याच चढाईत दोन गडी बाद करून आली. स्टेडियम उसळलं, निवडवाले पुढे झुकले, शेजारचे पाहुणे म्हणाले, "काय निर्णय घेतलात, ताई!" मनीषाचे हात टाळीसाठी उचलले गेलेच नाहीत. मालकांच्या सोफ्यावरून उठून ती खाली राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ गेली. हर्षाली जिवाच्या आकांताने ओरडत होती, "बोनस घे, योगे, बोनस!" — गाल ओले, आवाज मात्र खरा.

मनीषा शेजारी बसली. हर्षाली थोडी सरकली. जागा करून द्यायला की लांब व्हायला, कळलं नाही. खेळ सोडायला लावला म्हणून इतकी वर्षं जपलेला, ज्याच्या जोरावर हा संघ घेतला तो आईवरचा राग तिने आत चाचपून पाहिला... आणि तो हाताला लागेना, तशी ती घाबरली.